गोठ्याभोवतीचा चौकोन

शाळा सुटली तरी संगणकांच्या खोलीतला पंखा घरघरतच होता. कुठल्या तरी दूरच्या पूरग्रस्त तालुक्याचा नकाशा आमच्या सातवीच्या मुलांनी करायला घेतलाय. उपग्रहाच्या फोटोत घराचं छप्पर दिसलं की त्याभोवती चौकोन काढायचा. पुढे मदतीची माणसं तो नकाशा बघून बोटी कुठे न्यायच्या ते ठरवतात. सहा तास शिकवून झाल्यावर हे चौकोन तपासायचं काम माझ्या वाट्याला येतं. डोळे चुरचुरतात. मुलं पंपाच्या खोलीलाही घर करून टाकतात. मी खोडत जाते.

आज सानिकाच्या एका चौकोनाशी थांबले. शेताच्या कडेला लांबट पत्रा, शेजारी उकिरडा. ती दप्तर भरत होती.

"अगं, हा गोठा आहे. फक्त घरं काढायची सांगितलं होतं ना?"

"माहितीये बाई. पण आमचे आजोबा गोठ्यातच झोपतात."

एवढं बोलून ती गेली.

इतक्या उंचीवरून माणूस दिसतच नाही. पत्रा दिसतो. त्याखाली कोण पडलेलं असेल, हे बघणाऱ्यानं आपल्या घरून आठवून आणायचं असतं. मी मात्र घरून फक्त थकवा घेऊन येते.

पंखा बंद करायला उठले होते, ती पुन्हा बसले. आज खोडलेल्या पंपाच्या खोल्या शोधायच्या होत्या.