युसूफचाचा फाटकाशी उभे होते

मी बंगळूरला निघाले त्या संध्याकाळी आबांनी आधी माझ्याकडे नाही, बसच्या टायरांकडे पाहिलं. जन्मभर एसटीची गाडी हाकून औरंगाबादजवळच्या कन्नड डेपोतून रिटायर झालेला माणूस. खाजगी ट्रॅव्हल्सवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वाकून वाकून सगळ्या गाडीभोवती फिरले, मागच्या टायरला बुटाने लाथा घातल्या, आणि ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर तंबाखू मळायचा थांबून बघत राहिला. आई खिडकीतून एकेक डबा आत ढकलत होती. गाडी हलली तसे आबा ओरडले, "कन्नडची पोर कन्नड मुलखातच चालली, काय लई लांब नाय!" अख्खी बस हसली. मीही हसले, आणि बीड बायपास मागे पडेपर्यंत रडत राहिले.

बंगळूरनं मला बरं वागवलं. आधी पीजीतली खोली, तिन्ही त्रिकाळ भात, ज्वारीच्या भाकरीसाठी जीव कासावीस. मग हळूहळू फिल्टर कॉफी लागली, ऑफिसातला मंजुनाथ भेटला, लग्न झालं. तो हुबळीचा, मराठी मोडकंतोडकं, पण आबांशी फोनवर तासन् तास गाड्यांच्या मायलेजवर बोलायचा. तिकडची एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला फार कोरडी वाटायची. ऑफिसात कुणाचे वडील वारले की सकाळी सगळ्यांना मेल यायचा, अमुक यांचे वडील गेले, अमुक वाजता अंत्यविधी. एवढंच. मला वाटायचं, असं कुणी सांगतं का?

आमच्या औरंगाबादेत, गारखेड्याच्या गल्लीत असं कुणी सांगत नाही. गल्लीत पहिला फोन आला तो युसूफचाचांकडे. चाचा मूळचे सिल्लोडचे, कापसाच्या व्यापारातले, आमच्या समोरच्या घरात राहणारे. सगळ्या गल्लीनं आपापल्या पाहुण्यांना त्यांचाच नंबर देऊन ठेवला होता. आनंदाची बातमी असली की चाचा आपल्या गच्चीवरूनच बोंबलायचे, "अरे लडका हुआ! पेढे लाव!" आणि बातमी वाईट असली की खाली उतरून, पायात चपला घालून, स्वतः चालत यायचे. फाटकाशी उभे राहायचे. आधी म्हणायचे, "चाय झाली का?" मग, "सगळं ठीक हाय, जरा तब्येत नरम हाय म्हनं, जाऊन या." एवढ्यावर घरातल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. माझी आजी गेली तेव्हा आबांना चाचांनी असंच सांगितलं होतं. आबासुद्धा त्याच शाळेतले. बसमध्ये मयतीला निघालेला पाहुणा असला आणि त्याला खरं माहीत नसलं, की आबा त्याला गावापर्यंत "काय नाय, बरे हायेत" म्हणत न्यायचे. यात खोटं बोलतोय असं कुणाला वाटायचं नाही. ती माया होती.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा तुम्ही कुठं होता, असं आता लोक गप्पांमध्ये विचारतात. ज्याची त्याची जागा ठरलेली असते. कुणी सिलिंडरच्या रांगेत होतं, कुणी स्मशानाबाहेर रिक्षात बसून होतं. मी बंगळूरच्या एका वॉर्डात पालथी पडून होते, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मोबाईल बंद पडलेला, पिशवीत कुठंतरी. इकडे गारखेड्यात आई-आबा दोघंही तापानं अंथरुणावर, आबांचा ऑक्सिजन उतरत चाललेला, चुलतभाऊ बेडसाठी शहरभर फिरतोय. आणि आबांना स्वतःची नाही, माझी काळजी. दर थोड्या वेळानं आईला विचारायचे, "फोन आला का तिचा?"

एक दिवस डॉक्टरांनी माझा मास्क काढून बघितला. मी टिकले. अर्धी इडली खाल्ली. वॉर्डातल्या सिस्टरनं मंजुनाथला कळवलं, आणि त्या वेड्या माणसाला इतका आनंद झाला की तो गारखेड्याला फोनावर फोन लावत सुटला. आबांचा लागेना. आईचा स्वयंपाकघरात वाजत राहिला, ती तापात झोपलेली. मग त्यानं युसूफचाचांना फोन केला. मीच कधीकाळी नंबर दिला होता, आमच्या घरचा नंबर लागला नाही तर म्हणून. कुठलाही चांगला जावई करेल तेच त्यानं केलं.

चाचा स्वतः नुकतेच दुखण्यातून उठलेले. दोन पायऱ्या चढले की धाप लागत होती, गच्चीवर जाऊन ओरडायचा दम कुठून आणणार? म्हणून ते खाली उतरले, चपला घातल्या आणि चालत आले.

पुढचं आईनं मला सांगितलं आहे, पुन्हा पुन्हा. आबा खिडकीशी टेकून बसलेले. चाचा फाटकाचे गज धरून उभे, धाप लागलेली, तोंडावर रुमाल. आबांचा चेहरा त्या क्षणी उतरला. चाचा म्हणाले, "भाई, बेटी ठीक है." आबा म्हणाले, "चाय झाली का, ते इचारायचं राहिलं भाई."

चाचांनी अल्लाची कसम खाल्ली. जावयाचा फोन होता, इडली खाल्ली म्हणाले तिनं. आबा नुसते "व्हय, व्हय" म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आईनं उठून मंजुनाथला फोन लावला, त्याचा आवाज ऐकवला. "जावई तरी काय सांगनार? मीबी हेच सांगत आलो," आबा एवढंच बोलले. तिचा आवाज ऐकवा म्हणाले. माझा आवाज तेव्हा वॉर्डात होता. संध्याकाळी सिस्टरनं आपला फोन माझ्या कानाला लावला, तोवर आबांना बेड मिळून हॉस्पिटलात नेलं होतं आणि आई बाहेर पायरीवर बसली होती. माझा आवाज ऐकून ती आधी ओरडली, मग आत निघालेल्या एका नर्सचा हात धरला. आत कुणाला सोडत नव्हते. "बाई, त्यांना एवढं सांगा, पोरगी बोलली." नर्सनं मान हलवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी आबा गेले. त्या बाईनं सांगितलं का, हे आम्हाला कळलं नाही. त्या दिवशी तिच्याकडे असे किती निरोप असतील. आबांना ऐकू आलं का, आणि आलं तर त्यांनी खरं मानलं का? मला वाटतं, नसेल मानलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगतात लोक? माझे वडील मी मेले असं समजून गेले. हे वाक्य मी इतकी वर्षं कुणापुढे बोलले नव्हते.

आबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी मी मोबाईलवर पाहिला. भन्तेजींचा आवाज तुटत होता. मी घरी जाऊ शकले तोवर पाऊसकाळ सरला होता. युसूफचाचा भेटायला आले नाहीत, म्हणून मीच समोर त्यांच्या घरी गेले. ते पलंगावर बसून लहान पोरासारखे रडले. "ओरडायला दम नव्हता बेटी." मी त्यांचे हात धरून बसले. त्यांच्यावर काय रागवू? राग आला तो आपल्या सगळ्यांच्या मायेवर. इतकं खोटं आपण जीव लावून बोललो की खरं सांगायची वेळ आली तेव्हा ते खोट्यासारखंच दिसलं.

म्हणून गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारखे जे पुणे, बंगळूर, दुबईला पांगलेत त्यांनाही सांगते: मला काही झालं तर आईला सरळ सांगा. तुमच्या घरातही सांगत जा. तो ऑफिसचा कोरडा मेल आता मला कोरडा वाटत नाही.

आता दर दोन-तीन महिन्यांनी जाते. बसच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. गल्लीत निम्मे चेहरे नवे. मंजुनाथ म्हणतो, आईंना इकडेच आणू. मीही म्हणते. आई ऐकत नाही आणि मला ते कळतं, कारण तिचं इथलं काम संपलेलं नाही. मी उजाडता उजाडता पोचते. ती मला बसू देत नाही, पाणी देत नाही. मनगट धरून थेट आबांच्या फोटोसमोर नेते, वरचा बल्ब लावते, मला पुढे करते आणि फोटोला म्हणते, "हात लावून बघा. खोटं नाय."