गुरुलिंग टेलरचा वाढता वाघ

किनवटच्या जंगलात गुरुलिंग टेलर आणि वाघ समोरासमोर आले तेव्हा धरणी थरथरली, सागाची पानं गळून पडली आणि दोघांपैकी एकाला घाम फुटला. तो वाघाला फुटला, असं गुरुलिंगचं म्हणणं. साल बहात्तर. दुष्काळात लातूरला कपडे शिवतो कोण, म्हणून तो तिकडं फॉरेस्टवाल्यांचे खाकी गणवेश शिवायला गेला होता. दुसऱ्या कुणी देवाचा धावा केला असता. गुरुलिंगनं माप घेतलं, तेही नजरेनं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नऊ फूट.

नजरेच्या मापावरच त्याचं दुकान चालायचं. टेपला तो हातही लावत नसे. फक्त पोरांच्या कपड्यांत चार बोटं जास्त धरायचा, वाढतं अंग! ही सवय अंगात इतकी मुरली, की गोष्टीतल्या वाघालाही दरसाल चार बोटं मिळत गेली. दहा वर्षांत वाघ साडेअकरा फुटांचा झाला.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. गावात सर्कस उतरली होती. जिल्ह्याच्या मिरवणुकीत वाघाचा पिंजरा फिरवायचं ठरलं आणि सर्कसचा मॅनेजर झूल शिवायला गुरुलिंगकडं आला.

"चला मास्तर, वाघाचं माप घ्या."

"माप धा वर्षांपासून हाय माझ्याकडं."

"अहो, आमचा पिंजऱ्यात जन्मलाय. जंगलातला चालून चालून अंगानं भरतो, आमच्याचं नुसतं पोट भरतं."

"वाघ म्हणल्यावर वाघ! झूल कमी पडली, तर कात्री हिरीत टाकतो अन् उद्यापास्नं हमाली करतो," गुरुलिंग भर बाजारात गरजला. मागं काजं करत बसलेल्या नागम्मानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. हमाली करायला नवऱ्याच्या अंगात काय आहे, हे तिला टेपशिवाय ठाऊक होतं.

मिरवणुकीच्या दिवशी झूल चढली आणि वाघ नाहीसा झाला. पिंजऱ्यात नुसता भगवा ढीग. ढिगातून घोरण्याचा आवाज.

"मास्तर, वाघ कुठाय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"आत हाय! वाढतं अंग हाय त्याचं!"

"म्हातारा झालाय तो," मॅनेजर कळवळला. "साडेआठ फूट आहे. आता काय वाढणार?"

"जंगलात सोडून बघा, दोन सालात झूल भरून निघती!"

लोक हसू लागले. गुरुलिंगला वाटलं, कात्री गेली, दुकान गेलं. त्यानं नागम्माकडं पाहिलं.

"मला बघाया आले तवा नऊ फुटांचाच सांगितला होता," नागम्मा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पण झूल कमी पडली का? न्हाई ना? मग कात्री ऱ्हाऊ द्या."

कात्री वाचली. मॅनेजरनं झूल परत दिली. नागम्मानं ती उसवून एका नव्या कचेरीसाठी सहा पडदे शिवले. खिडक्यांचं माप गुरुलिंगनं नजरेनं घेतलं होतं.

पडदे आखूड पडले.