बिनधुराची ओळ

भुताखेताचं नाव काढलेलं वसुधाताईंना खपत नसे. इंदूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई, कुणी अमावास्येचं काही सांगू लागलं की म्हणायच्या, "काहीतरीच काय यार, ताळा करून दाखव." आणि ह्याच बाई, नवरा जाऊन वर्ष व्हायच्या आत, बेटम्याच्या मळ्यावर एकट्या बसून दोन कप चहा ओततात. हसू नका, ऐका.

श्रीहरी वीज मंडळात होते. निवृत्त झाल्यावर बेटम्याजवळ जमीन घेऊन द्राक्षं लावायचं खूळ त्यांचंच, पण बाग सांभाळली ती वसुधाताईंनी. श्रीहरींचं सगळं लक्ष कॅमेऱ्यात. इंदूरच्या लालबागेतली जत्रा, बोहल्यावरच्या भाच्या, कुणाच्या मुंजीतला रडका बटू, सगळं काढून झालं होतं. राहिला होता एकच फोटो: दहिवरानं पांढरी झालेली आपली बाग.

माळव्यात जानेवारीत एखाद-दोन पहाटा अशा येतात की पानावरचं दव जागच्या जागी गोठतं. तिकडे त्याला पाला पडला म्हणतात. दिसायला साखर पेरल्यासारखं, आणि दुपारपर्यंत पान न् पान काळं. म्हणून तसली थंडी पडली की बागेच्या कडेकडेनं सोयाबीनचा ओलसर भुसा पेटवून धूर करायचा, म्हणजे गारठा वेलींवर उतरत नाही. वसुधाताईंनी अशी एक पहाट कधी चुकवली नाही. बाग वाचायची आणि फोटो राहायचा. दर हिवाळ्यात श्रीहरी कॅमेऱ्याची तिपाई लावून उभे, नि समोर नुसता धूर.

"एक पहाट सोड ना गं, वसू," ते म्हणायचे.

"फोटो काय चाटायचाय?" ह्या म्हणायच्या.

गेल्या फाल्गुनात श्रीहरी झोपेतच गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. थोरले दीर नाना हात जोडून सांगत राहिले, वसुधेला अंतर देणार नाही, बागेकडे बघू, काळजी सोड. कावळे समोरच्या कडुलिंबावर, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं, गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा वसुधाताई पुढे झाल्या आणि पिंडाशी वाकून पुटपुटल्या, पाला पडेल त्या पहाटे धूर करणार नाही, फोटो मी काढीन. त्या मागे सरकतात न सरकतात तोच कावळा शिवला. काय बोललीस, म्हणून नानांनी विचारलं. वसुधाताई हात धुवायला निघून गेल्या. ह्याचा ताळा कसा करणार?

त्या दिवसापासून श्रीहरी मळ्यावर आहेत. दिसत नाहीत. पण बंद खोलीत तिपाईचे पाय उघडल्याचा आवाज येतो, तिन्हीसांजेला वेलींच्या ओळींमधून कुणी घसा खाकरत जातं. आधी वसुधाताईंच्या अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. आणि मग, खोटं कशाला बोला, त्या आवाजाची वाट बघायला लागल्या. इंदूरच्या घरात होतं काय? हार घातलेली तसबीर. मुलगी ऋजुता फोनवर रागवायची, आई, तिथे एकटी काय करतेस? एकटी कुठे गं, असं ओठांवर यायचं, ते त्या गिळून टाकायच्या.

ह्या जानेवारीत ती थंडी आली. बागेचा रखवालदार लक्ष्मण संध्याकाळीच भुशाचे ढीग लावायला निघाला. वसुधाताईंनी त्याला सांगितलं, खोलगटातली शेवटची ओळ सोडून दे, तिकडे धूर नको.

"भाभीजी, वो लाइन तो मर जाएगी," तो म्हणाला.

मरू दे, म्हणाल्या. शब्द दिला होता, एका ओळीपुरता तरी पाळायचा होता.

उजाडताना त्या नवऱ्याचा कॅमेरा घेऊन खोलगटात उतरल्या. ओळ पांढरीशुभ्र. पानं, तारा, घडांचे हिरवे मणी, सगळ्यांवर साखरेसारखा बारीक खडा. इतकं देखणं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं, आणि ह्या माणसाला आपण हे एकदाही बघू दिलं नाही. त्यांनी तिपाई लावली. पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. लवंगेचा वास आला; श्रीहरींच्या गालात कायम लवंग असायची. वळून बघायची हिंमत झाली नाही. हात आपोआप थोडा उजवीकडे सरकला आणि सगळी ओळ चौकटीत बसली.

बटणावर बोट गेलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. फोटो निघाला की शब्द फिटला. शब्द फिटला की माणूस मोकळा. मोकळा झाला की उद्यापासून ह्या मळ्यावर वारा तेवढा वाजणार. मोकळं करावं, हेच बरोबर. कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. पण ज्याला विचाराल त्याला रिकाम्या घरी परतायचं नव्हतं.

ऊन टेकाडावरून खाली आलं. पहिल्या वेलीवरचं दहिवर सुटलं, मग दुसरीवरचं. पाठीमागचा श्वास उतावळा झाला, अगदी कानाशी आला. वसुधाताईंचं बोट बटणावर होतं. डोळे भरून वाहत होते. त्यांनी दाबलं नाही.

लक्ष्मण आला तोवर ओळ ओली, हिरवीगार दिसत होती. काळी पडायला अजून अवकाश होता. फोटो आला का, असं त्यानं विचारलं. वसुधाताईंनी भिंगावर झाकण बसवलं आणि नाही म्हणून मान हलवली. तो बिचारा हळहळत चार पावलं पुढे गेल्यावर त्या मागे न बघता हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दुसरी ओळ ठेवते हं."