फोन करून या

कोल्हापूरला मोठं शहर म्हटलं की पुण्यातली माणसं हसतात. हसू देत. त्यांनी एकदा शुक्रवारी संध्याकाळी दसरा चौकातून बावड्याला स्कूटरवरून येऊन दाखवावं. देवीच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्या, मध्येच अडकलेला उसाचा ट्रॅक्टर आणि हॉर्नवरचा हात न काढणारे आपलेच बहाद्दर. घरी पोचते तेव्हा नाकात काळं आणि तोंडात शिव्या असतात.

आम्ही बावड्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. एक खोली, एक हॉल आणि एक गॅलरी, तीही अशी की हात लांब केला तर समोरच्या इमारतीतला वाळत घातलेला टॉवेल हाती लागावा. पूर्वी इथे उसाचं रान होतं. आता घरात ऊनसुद्धा येत नाही. दर अकरा महिन्यांनी घरमालक चहाला येतात, मुलांची चौकशी करतात आणि भाडं वाढवून जातात. पाणी एक दिवसाआड येतं, त्यावरून जिन्यात भांडणं मात्र रोज होतात. मला या सगळ्याची शिसारी आली आहे. पण माझी शाळा इथली, नवऱ्याचं काम इथलं, जाणार कुठे?

मलकापूरच्या पुढे एका खेड्यात माझे मामा असतात. भात मळून झालं की नव्या तांदळाचं अर्धं पोतं बहिणीच्या घरी पोचवायचं, हा त्यांचा नेम. सहा वर्षांपूर्वी आई गेली. मामांनी नेम मोडला नाही, तांदूळ माझ्याकडे येऊ लागला. कळवून ते कधीच आले नाहीत. आमच्यात पाहुणे कळवून येतात ते फक्त मुलगी बघायला. मामा एसटीतून उतरायचे, पोतं खांद्यावर टाकायचे आणि खालूनच मला हाक मारायचे. एक रात्र राहायचे, आईच्या लहानपणीचं काहीबाही सांगायचे. माहेर म्हणून माझं जे काही उरलं आहे, ते एवढंच.

गेल्या वर्षी त्यांनी तांदूळ उन्हाला म्हणून गच्चीवर पसरला आणि स्वतः शेजारी बसून राहिले. कपडे वाळत घालायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, "या पावणं, बसा." दुपारपर्यंत कबुतरं जमली. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: भाडेकरूंनी गच्ची वापरू नये, पाहुण्यांची वहीत नोंद व्हावी, फोनवर खात्री झाल्याशिवाय कुणालाही आत सोडलं जाणार नाही. खाली पटापट अंगठे उमटले. त्यातल्या निम्म्यांचे आईबाप अजून गावाकडे भात लावतात. वाचून किळस आली मला. आणि मी केलं काय? सेक्रेटरींना माफीचा मेसेज पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी मामा निघाले तेव्हा त्यांना म्हणाले, "मामा, पुढच्या वेळी जरा फोन करून या."

"व्हय की, करतो की," ते म्हणाले आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

यंदा अशाच एका शुक्रवारी शाळेत मीटिंग लांबली. फोन सायलेंटवर होता, तो तसाच डिकीत टाकला आणि मग चौकात तासभर अडकले. घरी पोचले तर फाटकाशी, वॉचमनच्या खुर्चीमागे पोतं टेकवलेलं होतं.

"ताई, मामा आलते," वॉचमन म्हणाला. "मी वळखलं त्यास्नी. पण तुमी फोनवर हो म्हटल्याबगार सोडता येत न्हाय. वर घरात बी कुणी नव्हतं. चार डाव फोन लावला त्यांनी. दोन तास पोत्यावर बसलते. मग म्हटले, मलकापुरातनं पुढची शेवटची गाडी चुकंल."

त्यानं सहीसाठी वही पुढे केली. 'कोणाकडे' या रकान्यात सगळ्यांनी फ्लॅटचे नंबर लिहिले होते. मामांनी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'बहिणीकडे'. मी त्याच्यापुढे आमचा नंबर लिहिला आणि नियमाप्रमाणे सही केली. गाड्यांची, गर्दीची, त्या अंगठ्यांची इतके दिवस आलेली किळस एकीकडे, त्या क्षणी मला माझीच आली.

तिथेच उभं राहून मामांना फोन लावला. एसटीचा खडखडाट ऐकू येत होता. "मामा, माफ करा. फोन बघितलाच नाही मी."

"आगं, त्यात काय. कामात असशील," ते म्हणाले. "तांदूळ नवा हाय, दोन दिस ऊन दाखीव. आन् चुकलं माझंच. हितं येऊन फोन करून काय उपेग? पुढल्या साली गावातनंच लावतो. तू उचललास तरच गाडीत बसतो की."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता.