काकण कुठं सोडायचं

परभणीच्या स्टँडवर पुण्याची एसटी सुटताना माय खिडकीशी आली. "लगीन कुठंबी झालं तरी काकण सोडायला घरलाच ये." लग्नात मनगटाला बांधलेलं काकण नवरा-नवरीनं नंतर देवापुढं एका हातानं सोडायचं, तेव्हा लग्न पुरं, हे गावाकडच्यांना सांगायला नको. मी चाकणला नोकरीला निघाले होते आणि हिला लग्नाचं पडलेलं!

आता मी कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधते आणि चऱ्होलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. लग्न दापोडीच्या सुमेधशी ठरवलं. तो बौद्ध, आम्ही मराठा. आबा फोनवर म्हणाले, "पुन्हा दारात दिसू नको." लग्नाच्या पद्धतीवरून तर दोन्हीकडच्या नातेवाइकांत जुंपलीच. शेवटी सुमेधनं आयर्लंडला ट्रेनिंगमध्ये पाहिलेलं हँडफास्टिंग काढलं. दोघांचे हात दोरीनं बांधायचे, हात अलगद काढून घ्यायचे आणि उरलेली गाठ जन्मभर जपायची. "आपल्यात कुणाचंच नाही, म्हणून भांडण नाही राव!"

सोसायटीच्या टेरेसवर मैत्रिणींनी दोरी बांधली. अक्षता नाहीत, मंगलाष्टकं नाहीत, वंदना नाही. हे लग्न म्हणायचं की खेळ, मला कळेना. रडू मात्र आलं, कारण मागच्या खुर्चीत माय बसली होती. आळंदीला जाते सांगून एकटीच आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर माय देवाच्या फळीपुढं बसून तीच गाठ नखांनी उकलतेय. सुमेध किंचाळलाच, "अहो आई, ती सोडायची नसते!"

"निस्ती सैल केली. सोडायचं तुमी. एका हातानं, जावईबापू."

जावईबापू ऐकून तो गपकन खाली बसला. आम्ही दोघांनी चाचपडत गाठ सोडली. त्याच्या रीतीनं लग्न मोडलं आणि मायच्या रीतीनं पुरं झालं. खरं कुठलं, ते देव जाणे.

"पण माय, काकण तर घरी सोडायचं असतं ना?"

"मग कुठं सोडलंय?" दोरी गुंडाळत ती म्हणाली.

तिनं मला घर दिलं, की गावचं दार मिटलंय हे सांगितलं? विचारायचा धीर झाला नाही. संध्याकाळी तिला एसटीत बसवलं. या वेळी खिडकीत ती होती आणि खाली मी. "येते गं," म्हणाली. गाडी सुटली, आणि आमच्या दोघींतली घर सोडून कोण निघाली, ते मला अजून कळलेलं नाही.