बाभळीला बांधलेली ओढणी

ह्यांचं विसरणं सुरू झालं तेव्हा मी देवाजवळ फार काही मागितलं नव्हतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग बँकेचा रस्ता, मग एके दिवशी फोनवर बोलता बोलता लेकीचं नाव. दर वेळी मी दत्तगुरूंसमोर उभी राहून एवढंच म्हणायचे, "आता इथेच थांबव." काही थांबलं नाही. हे विसरणं आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या संध्याकाळी मी दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रागही नव्हता, नुसतं रितं रितं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र ह्यांच्यापाशी शाबूत होती, ती म्हणजे पक्षी. त्यांच्याच हौसेपायी आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतलं घर सोडून पाषाण तलावाजवळ राहायला आलो होतो. रोज सकाळी मी त्यांना तलावाकाठच्या पायवाटेनं फिरवून आणायचे. शेजाऱ्यांची नावं विसरलेला हा माणूस बोट दाखवून सांगायचा, "तो बघ खंड्या. तो वंचक, चिखलात उभा आहे तो." तेवढा वेळ मला ते पूर्वीचे वाटायचे.

थंडीतली सकाळ होती. तलावावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उठून पाहते तर हे नाहीत. आधी वाटलं, पुढच्या वळणावर असतील. तिथे नव्हते. परत मागे आले, झाडीत शिरले, हाका मारल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं. एका गृहस्थांनी कानातले इअरफोन काढून ऐकून घेतलं आणि बिचारे फाटकावरच्या रखवालदाराला सांगायला धावले. मी काठाकाठानं जलपर्णी निरखत चालले होते. कशासाठी निरखत होते, ते मनात आणायचीही भीती वाटत होती.

शेवटी मी वाटेतच मातीत बसले. इतक्या दिवसांत न जोडलेले हात जोडले गेले, पण तोंडातून मागणं काही आलं नाही. मी म्हणाले, "मला आता जमत नाही. ते तुझेच आहेत, तूच बघ." एवढंच. डोळे पुसून वर पाहिलं, तर गवतापलीकडे एका बाभळीच्या उंच फांदीवर लालभडक काहीतरी हलत होतं. त्या बाजूला वाट अशी नव्हतीच. तरी मी गवत तुडवत निघाले.

बाभळीखाली हे एका दगडावर शांत बसले होते. शेजारी तिशीतली एक मुलगी, गळ्यात कॅमेरा. मला पाहताच ती उठून पुढे आली.

"काकू, तुम्ही ह्यांच्या घरच्याच का? काका उठायलाच तयार नाहीत. माझा फोन गाडीत राहिला, आणि पाणी इतकं जवळ, ह्यांना एकटं सोडवेना. म्हणून ओढणी वर बांधली. कुणीतरी शोधत येईल, म्हटलं."

मी तिचे हात धरले. "तुला देवानंच पाठवलं गं."

ती हसली. "देवानं नाही हो, आमच्या साहेबांनी. सकाळची मीटिंग रद्द केली, म्हणून इकडे वळले. आणि आम्ही बौद्ध, काकू. आमच्यात देवाकडे बोट दाखवत नाहीत, जे करायचं ते आपणच करायचं." मी वाद घातला नाही. तिचंही खरं होतं.

मग मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं. नजर अनोळखी होती. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"बसा ना," ते अदबीनं म्हणाले आणि सरकून जागा केली. "आमची ही येईलच एवढ्यात. मागे राहिली आहे जरा."

त्या मुलीनं मान वळवली. "येतील ना नक्की?" मी विचारलं.

"म्हणजे काय!" ते जरा रागावूनच म्हणाले. "ती येते. न येऊन कसं चालेल?"

मी त्यांच्याशेजारी दगडावर बसले. ज्याला मी सगळ्यात जास्त भीत होते ते नेमकं घडून गेलं होतं, आणि मी मोडले नव्हते. त्यांच्या मनातून माझा चेहरा गेला, माझ्यावरचा भरवसा मात्र गेला नव्हता. मला कुणावर असा भरवसा ठेवता आला होता का? मी दत्तगुरूंना अटी घालत राहिले, अमुक थांबव, तमुक परत दे. आणि हे, सगळं हरवून बसलेले, धुक्यात निवांत बसले होते, कारण आपल्याला न्यायला कुणीतरी येणार याची त्यांना खात्री होती.

त्या मुलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी मी दिवा लावला. मागितलं काहीच नाही. ह्यांना हाताला धरून समोर बसवलं आणि त्यांच्याकडे पाहत, जमेल तसं, त्यांच्यासारखं बसायला शिकले.