काष्टीहून काढलेलं विमानाचं तिकीट

गुरुवारी सकाळी मी काष्टी स्टेशनवर गाडीच्या पाऊण तास आधी जाऊन बसले. निघताना तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, तू लवकर गेलीस म्हणून गाडी लवकर येणार आहे का?" मी म्हटलं, "गाडी उशिरा आली तर ती तिची चूक. मी उशिरा गेले तर माझी." चाळीस वर्षं आमचं हे असंच चाललं आहे.

मंदार, रेवा, हा प्रवास मी तुमच्यासाठी केला, म्हणून तुम्हालाच सांगते. मंदारला आता जोडाक्षरं वाचता येतात असं कळलं. त्याने निम्मं तरी स्वतः वाचावं, उरलेलं आईकडून ऐकावं.

झालं होतं असं. तुमच्या आईचं निळं विमानपत्र आलं. इंदूरला तुमच्या आत्याचं लग्न. बाबा आधीच पुढे जाणार. आई तुम्हा दोघांना घेऊन एका शुक्रवारी सकाळी मुंबईला उतरणार, आणि रविवारी सकाळी मनमाडमार्गे इंदूरला निघायलाच हवं. तिने लिहिलं होतं, "त्याच सकाळच्या मुंबई–पुणे विमानात तीन जागा मिळाल्या, तर संध्याकाळी आम्ही काष्टीत. नाही मिळाल्या तर मुंबईत मुक्काम करून, आगगाड्या बदलत शनिवारी रात्री पोचायचं आणि पहाटे उठून परत निघायचं. त्यात मुलं आजारी पडतील. मग सरळ इंदूरलाच जाऊ. सोमवारपर्यंत तुझी तार आली, तरच इथला एजंट आमचं तिकीट तसं करील."

मंदारला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो भिंतीला धरून उभा राहत होता. रेवाला तर मी पाहिलेलंच नाही. आजोबांचा गुडघा प्रवासाचं नाव काढू देत नव्हता. तेव्हा मीच निघाले. पिशवीत ते पत्र, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा तांब्या आणि एक आखलेला कागद होता. कागदावर मी तुमच्या विमानाची वेळ, सामान तपासायला लागणारे दोन तास, पुण्याच्या विमानाची वेळ, पुढच्या गाडीची वेळ, सगळं ओळीने लिहिलं होतं.

गाडी वीस मिनिटं उशिरा आली. डब्यात लिंबांच्या पोत्यांचा वास भरला होता. आमच्याकडची लिंबं पुण्याला जातात. पोत्यांवर टेकून तात्या बसले होते. त्यांची बाग आमच्या उसाच्या पलीकडे आहे. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा घागरीघागरीने पाणी घालून त्यांनी ती जगवली. त्यांच्या दोन्ही मुली शाळेत माझ्या हाताखालून गेल्या, त्यामुळे गावात इतरांप्रमाणे तेही मला "बाई" म्हणतात.

"बाई, पुन्याला व्हय?"

"हो. विमानाचं तिकीट काढायचं आहे."

"ईमानाचं (विमानाचं)? तुमी उडनार?"

"मी नाही, तात्या. आमची कुसुम अमेरिकेहून येणार आहे, दोन मुलांना घेऊन."

"मग ईमान काष्टीत कुठं उतरवनार? बाजारतळावर?"

"पुण्याला उतरेल ते."

"मग बरं हाय. शनवारी बाजारात आनलं असतं तर बैलं बुजली असती."

समोरच्या बाकावरची माणसं हसली. मीही हसले. मग भीमेच्या पुलापर्यंत मी त्यांना कुसुमविषयीच सांगत राहिले. कुसुम शाळेत कशी होती, कुसुमला हुरडा (भाजलेले ज्वारीचे कोवळे दाणे) कसा आवडतो, कुसुमची मुलगी अजून मी पाहिलेली नाही. यंदा भीमेला पाणी होतं. गेल्या वर्षी पुलावरून खाली पाहिलं की नुसती वाळू आणि वाळूतले झरे उकरणाऱ्या बायका दिसायच्या. डब्यातले सगळे पाणी बघायला खिडकीशी आले.

दौंडला गाडी बदलायची होती. तात्यांनी उतरताना पोत्यातून दोन लिंबं काढून माझ्या हातावर ठेवली.

"ईमानात लई मळमळतं म्हनं. नातवंडास्नी वास घ्यायला ऱ्हाऊ द्या."

"अहो, मुलं अजून अमेरिकेत आहेत. तोवर वाळून जातील."

"मग लोनचं घाला."

पुण्यात विमान कंपनीचं ऑफिस स्वच्छ होतं. भिंतीवर विमानाचं चित्र, खिडकीमागे स्वेटर घातलेला एक तरुण कारकून. मी माझा आखलेला कागद काचेखालून त्याच्याकडे सरकवला. त्याने तो दोनदा वाचला.

"आजी, हे तुम्ही केलंत? आमच्याकडे सुद्धा इतकं नीट नसतं." मग त्याने पेन्सिलने एक जागा दाखवली. "फक्त सामान तपासायला दोन तास धरलेत ना, तिथे अडीच धरा. मुंबईला कुणाची ट्रंक उघडतील, सांगता येत नाही."

अडीच तास धरूनही पुण्याचं विमान मिळत होतं. त्याने मुंबईला फोन लावला. लाइन मिळायला पाऊण तास गेला. मग तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "तीन जागा आहेत. नावं सांगा. पण पासपोर्टावर आहेत तशीच हवीत. परदेशाचं तिकीट आणि आमचं तिकीट शेजारी ठेवून बघतात. नाव वेगळं दिसलं तर जागा दुसऱ्याला जाते."

इथे मला स्वतःचं कौतुक वाटलं, ते आधी कबूल करते. दुसरी एखादी आई असती तर भाबडेपणाने माहेरचं नाव सांगून बसली असती. तुमच्या आईचं लग्न झालं तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले होते, आणि त्यांवर तुमच्या बाबांनी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं: वसुधा. इंदूरला तिला सगळे वसुधाच म्हणतात. मी मात्र एकदाही म्हटलेलं नाही. सरकारी काम आहे म्हणून मी मन घट्ट केलं आणि स्पष्ट उच्चारात सांगितलं, "वसुधा." मग मंदार, मग रेवा.

कारकुनाने कार्बन घालून तिकिटं लिहिली. मी तिथून सरळ तारऑफिसात गेले आणि तुमच्या आईला तार केली: तीन जागा पक्क्या. मग सदाशिव पेठेत माझ्या बहिणीकडे जाऊन पोटभर मुगाची खिचडी खाल्ली.

शुक्रवारी सकाळी परत निघाले. दौंडला मनमाडकडच्या गाडीला दीड तास होता. फलाटावर कांदाभज्यांचा घाणा चालू होता. बाकावर रिकामी पोती घडी करून तात्या चहा पीत बसले होते.

"झालं का बाई काम? बघू, ईमानाचं तिकीट कसं असतंय."

त्यांनी तिकिटं उलटीसुलटी करून पाहिली. इंग्रजी होती म्हणून मी नावं वाचून दाखवली.

"ह्यात कुसुम कुठं हाय?"

"ती वसुधा म्हणजेच कुसुम. सासरचं नाव."

"असं व्हय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आमच्या धाकल्या सुनंचं नाव आमी लग्नात सुमन ठिवलं. दुष्काळी कामावर हजेरीला मुकादम वरडायचा सुमन, सुमन. आन् ही खडी फोडत गप बसायची. तिला आपलं ठकूच म्हाईत. चार दिस गैरहाजर लागली बिचारी."

मी हसले. तात्या हसले नाहीत. ते विचारात पडले होते.

"तुमच्या लेकीनं तिकडच्या सायबाला कुठलं सांगितलंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. पिशवीतून ते निळं पत्र काढलं. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव होतं: मिसेस के., पुढे आडनाव. गेली सात-आठ वर्षं अशी पत्रं येत आहेत. अक्षर ओळखीचं असलं की माणूस पाकिटावरचं नाव वाचत नाही. मी शाळेत मुलींना सांगत असे, प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा.

पण नुसत्या एका अक्षरावरून काय ठरवायचं? मग आठवलं, पासपोर्टाच्या वेळी जन्मतारखेसाठी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मीच शोधून रजिस्टर पोस्टाने इंदूरला पाठवला होता. त्यावर कुसुम. कॉलेजच्या पदवीवर कुसुम. आणि आणखी एक आठवलं. तांदळावर नाव लिहून झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिने माझा पदर ओढून कानात विचारलं होतं, "आई, तू तरी मला कुसुमच म्हणशील ना?"

पुण्याची गाडी पलीकडच्या फलाटावर लागली होती.

"तात्या, आमच्या घरी निरोप द्याल? म्हणावं, मी परत पुण्याला गेले. उद्या येईन."

"देतो की. पन पळू नका, पडाल."

मी पळाले.

कारकून मला पाहून उठला. "आजी, परत? तिकीट हरवलं की काय?"

"तिकीट आहे. नाव चुकलं."

मी सगळं सांगितलं. त्याने कपाळ चोळलं. "नुसतं खोडून चालणार नाही. ही एक जागा सोडायची आणि नव्या नावाने परत मागायची. मधल्या वेळात ती कुणी घेतली, तर मुलांच्या दोन जागा राहतील, आईची जाईल. लग्नसराई आहे, यादीत माणसं थांबलेली आहेत."

"दोन्ही नावं लिहिली तर?"

"मग बाईंना दोन खुर्च्या घ्याव्या लागतील."

"तारेने विचारून सोमवारी आले तर?"

"सोमवारी एकही जागा उरणार नाही. हे मी आजच सांगतो. आणि आजी, पासपोर्टावर वसुधाच असलं, तर असलेली जागा तुम्ही हाताने घालवलीत असं होईल. विचार करा."

माझ्यामागे सुटातले एक गृहस्थ येऊन उभे होते. त्यांना त्याच शुक्रवारी मुंबईहून यायचं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि ते नम्रपणे छताकडे पाहत होते.

मी माझा आखलेला कागद काढला. त्यावर सगळं होतं, हे नव्हतं.

"कुसुम लिहा," मी म्हटलं.

लाइन मिळाली. कारकून बोलला, "एक सोडतोय, हो, लगेच परत हवी." मग नुसता ऐकत राहिला. भिंतीवरचं घड्याळ फार हळू चालत होतं. पिशवीत हात घातला तर हाताला लिंबू लागलं. मी ते काढून हुंगत बसले.

"शेवटची एकच आहे ना?" तो फोनमध्ये म्हणाला. "ती आमची. धरून ठेवा. के, यू, एस, यू, एम."

सुटातल्या गृहस्थांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं, आजी. मी एकटा आहे, मला आगगाडी चालेल." मी त्यांना दुसरं लिंबू देऊ केलं. त्यांनी ते घेतलंही.

मी दुसरी तार केली: आईचं तिकीट कुसुम नावाने, चूक असल्यास लगेच कळव.

शनिवारी काष्टीला उतरले तेव्हा बाजार भरला होता. स्टेशनबाहेर बैलगाड्यांची गर्दी, गुळाच्या ढेपा, माळवं (भाजीपाला), घुंगरमाळा विकणारे. आजोबा काठी टेकून फलाटावर उभे होते.

"उतरलीस का? गावात बातमी आहे की बाई पुण्याहून विमानात बसून अमेरिकेला गेल्या. दोघंजण मला धीर द्यायला येऊन गेले."

"गुडघा दुखत असताना आलात कशाला?"

"बातमी खरी आहे का बघायला."

रविवार गेला, सोमवार गेला. मी दोनदा कपाट आवरलं. मंगळवारी दुपारी पोस्टमनने तार आणली. आजोबांनी चष्मा लावून वाचली: "नाव बरोबर. पासपोर्टावर कुसुमच. ठरल्या शुक्रवारी येतो."

त्यांनी तारेची नीट घडी केली. मग म्हणाले, "तुझं नाव मी ठेवलं होतं, तांदळावर. तुला कधी विचारलंच नाही. आवडलं होतं का?"

"चाळीस वर्षांनी विचारताय?"

"तरी?"

"अक्षर फार वाईट काढलं होतंत," मी म्हटलं. "मला वाचताच आलं नव्हतं. शेजारच्या काकूंना विचारावं लागलं."

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी मला माझ्या जुन्या नावाने हाक मारली आणि चहा मागितला. माझे आईवडील गेल्यापासून ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं; बहीणही मला ताईच म्हणते. मी चहा केला, साखर जरा जास्त पडली.

मुलांनो, प्रवास तसा काष्टी ते पुणे एवढाच होता, फक्त दौंडवरून एकदा जास्त. बाहेर पडताना मला वाटत होतं की वेळा जुळल्या की माणसं पोचतात. आता वाटतं, ज्याची वाट पाहायची त्याला तो स्वतःला काय म्हणवतो हे आधी विचारून घ्यावं. आखलेल्या कागदावर मी सगळ्यात वर एक नवी ओळ घातली आहे. तो कागद यासोबत पाठवते, अडीच तासांची दुरुस्ती करून.

मुंबईला खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं की मोठ्याने सांगा. मंदारने आधी, मग रेवाने, मग आईने. आईकडे नीट लक्ष ठेवा. ती तिचं नाव सांगेल तेव्हा ती कशी दिसते, ते मला काष्टीत आल्यावर सांगा. शेतातली ज्वारी अजून कोवळी आहे. तुम्ही येईपर्यंत ती तशीच राहील असं तात्या म्हणाले, आणि त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरा असतो.